भिंतीची नाडी

काल संध्याकाळपर्यंत आमच्या भिंतीवर केसाएवढी भेग होती. आज तिथे ताटाएवढं भगदाड आहे आणि ते पाडणारे काका वरच्या मजल्यावर बिनघोर घोरताहेत.

मी रीतसर कामाला लागलो होतो. भेग बुजवायची तर आधी खरवडून मोठी करावी लागते, नाहीतर लांबी, म्हणजे भरायचा लगदा, आत शिरतच नाही, वरच्यावर बसते आणि पापुद्रा धरून निघते. तेवढं केलं. ब्रशने धूळ काढली, पाणी मारलं, वाटीत लांबी भरायच्या पत्र्याने प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं. ते कालवलं की माणसाच्या हातात जेमतेम दहा मिनिटं असतात. नेमके त्याच दहा मिनिटांत काका आले.

"कधीपासून आहे?"

"वर्षभर असेल."

"वाढतेय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही!" डॉक्टर पथ्य न पाळणाऱ्याकडे बघतात, तसं बघितलं. मग खिशातून पेन काढून (पेन्सिल नव्हे, पेन!) भेगेच्या दोन्ही टोकांना रेघा मारल्या, शेजारी तारीख टाकली. "आता कळेल पुढे सरकते का. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालीय ना, तिथेच ताण येतो."

एव्हाना वाटीतलं दह्यासारखं झालं होतं.

"काका, जरा शिडी धरता?"

"कंबर," ते म्हणाले, आणि भिंतीला कान लावून टकटक करू लागले. "इथे भरीव. इथेही भरीव. इथे... ऐक."

बद् बद्.

"गिलाव्याने वीट सोडलीय. मागे कोणीतरी चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासलंय. कडक पडतं ते, ओल आत कोंडते." आणि खात्री पटवायला त्यांनी कंबरदुखीच्या माणसाला न शोभेल असा गुद्दा हाणला. भसकन ढलपी खाली आली. माझ्या पायावर.

"बघ! म्हटलं नव्हतं?"

राग याचाच येतो की त्यांचं बरोबर होतं. गिलावा सुटलेलाच होता, कधीतरी पडणारच होता. पण भिंत माझी, पाय माझा, झाडूही माझाच. सल्ला द्यायला चारी मजले उतरून येतात. घमेलं उचलायला म्हणून कोणी येत नाही.

निघताना काका दारात थबकले.

"तो पत्रा देतोस का जरा? आमच्याकडेही एक भेग आहे."

पत्रा वाटीत उभा होता. मी तो धरून उचलला, तर अख्खी वाटी वर आली.

"असू दे," काका म्हणाले, "तुझं झालं की दे."