टॉर्च लावून दुधाची पारख होत नाही

"पेल्याखाली मोबाईलची टॉर्च लावा. उजेड वर आला तर दुधात पाणी, कडेला निळसर झाक दिसली तर डिटर्जंट, उजेड अडला तर दूध अस्सल." हा मेसेज आमच्या गल्लीत फिरला आणि करवीर तालुक्यातून रतीब घालायला येणाऱ्या मावशींचं दूध दोन घरांनी बंद केलं. मावशी गाईचं दूध घालतात. म्हणून हे लिहितोय.

दूध पांढरं दिसतं, कारण फॅटचे गोळे आणि केसीन या प्रथिनाचे कण उजेड चहूबाजूंना विखुरतात. म्हशीच्या दुधात फॅट साधारण 6 ते 7 टक्के, गाईच्या 3.5 ते 4. कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या आपल्याला गाईचं दूध पातळच वाटणार, आणि पाणी न घालताही त्यातून उजेड जास्त वर येणार. होमोजिनाइज केलेल्या दुधात तेच गोळे फोडून 1 मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) बारीक करतात. फॅट तेवढीच, पण उजेड जास्त अडतो. स्टार्च घातला तरी अडतोच.

निळी झाक डिटर्जंटची नव्हे. केसीनचे कण 0.1 ते 0.2 मायक्रॉनचे, ते निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त विखुरतात. साय काढलेलं दूध त्यामुळेच निळसर दिसतं. पेलाभर पाण्यात चार थेंब दूध टाकून पाहा: बाजूनं निळसर, आणि पाण्यातून आरपार टॉर्चकडे बघितलं तर ती रंकाळ्यावरच्या मावळत्या सूर्यासारखी तांबूस.

सगळ्यात घातक चूक वेगळीच आहे. युरिया, साखर, मीठ दुधात पूर्ण विरघळतात, उजेड विखुरत नाहीत. म्हणजे ज्या भेसळीची खरी भीती, तीच टॉर्चला दिसत नाही.

प्रकाशानं दूध तपासता येतं, पण तयारीनिशी. फॅट मोजणारा जुना मिल्कोटेस्टर आधी ईडीटीए या रसायनाच्या द्रावणानं केसीनचा गढूळपणा घालवायचा, फॅटचे गोळे एकसारखे बारीक करायचा आणि मगच उरलेल्या गढूळपणावरून फॅट सांगायचा. प्रयोगशाळेतलं इन्फ्रारेड यंत्र दुधाचा केसाहूनही पातळ थर घेऊन 5.7 मायक्रॉन तरंगलांबीला फॅट, 6.5 ला प्रथिनं आणि 9.6 ला लॅक्टोज (दुधातली साखर) मोजतं. गावच्या दूध संस्थांतली बरीच यंत्रं तर ध्वनिलहरींवर चालतात.

शंका असेल तर नमुना दूध संस्थेत नेऊन फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) काढून घ्या. युरिया, डिटर्जंटसाठी प्रयोगशाळेत द्या. मावशी उद्या सकाळी सहाला येतील. त्या दोन घरांनी पातेलं बाहेर ठेवावं, एवढी विनंती.