तुमचा संगणक धोक्यात आहे!

ज्याला संगणकातलं थोडंफार कळतं, त्याच्या गळ्यात सगळ्यांचे संगणक पडतात. प्रिंटर रुसला, बोलवा त्याला. पासवर्ड आठवत नाही, बोलवा त्याला. घरच्या लॅपटॉपवर 'आपल्या अँटिव्हायरसची मुदत संपत आहे' अशी लाल चौकट उमटली, तेव्हा घरातलं कुणीही त्या चौकटीकडे पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते, जणू मुदत माझीच संपत होती. आणि संकटं एकेकटी येत नाहीत. त्याच सुमारास साहेबांनी केबिनमध्ये बोलावून फर्मावलं, "आपल्या मशीन्सना एक अँटिव्हायरस बघून टाका. स्वस्त पाहिजे. पण भारी पाहिजे."

अँटिव्हायरस घ्यायचा आहे, एवढं वाक्य चारचौघांत उच्चारून बघा. ज्याला स्वतःच्या फोनची स्क्रीन फिरवता येत नाही, त्याच्याकडेही या विषयावर ठाम मत असतं. माझ्या मेहुण्याचं मत तर सिद्धांताच्या पातळीवर पोचलेलं आहे. "भावोजी, व्हायरस हेच कंपनीवाले बनवतात आणि औषधही हेच विकतात. मी आजपर्यंत एक पैसा दिलेला नाही." हे खरं आहे. त्याच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडला की वरून टूलबारांच्या रांगा लागतात आणि तळाशी उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत तो बातम्या वाचतो.

बाबांचा दृष्टिकोन वेगळा. "एकच कशाला? दोन टाक. एकाला डुलकी लागली तर दुसरा जागा राहील."

त्यांना समजावणं सोपं नव्हतं. आपण कुठलीही फाइल उघडली की अँटिव्हायरस मध्ये हात घालून ती आधी स्वतः तपासतो. दोघे असले की दोघेही हात घालतात. त्यात प्रत्येकाकडे व्हायरसच्या खुणांचा मोठा साठा असतो, आणि दुसऱ्याच्या नजरेला तो साठाच संशयास्पद दिसू शकतो. मग ते एकमेकांवर लक्ष ठेवत बसतात आणि लॅपटॉप जागच्या जागी गोठतो. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दोघांत समन्वय नाही." एवढ्यावर त्यांनी विषय संपवला.

म्हटलं, लोकांचं ऐकण्यापेक्षा अभ्यास करू. जर्मनीत एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज अशा संस्था आहेत. त्या खरोखरचे घातक प्रोग्रॅम अंगावर सोडून अँटिव्हायरसची परीक्षा घेतात आणि निकाल लावतात. एव्ही-टेस्टचे तीन विषय आहेत: संरक्षण, संगणकाचा वेग किती खाल्ला, आणि निरपराध फायलींना किती छळलं. प्रत्येकी ६ गुण, एकूण १८. मी मोठ्या आशेने निकाल उघडला, तर निम्म्याहून अधिक वर्ग १८ पैकी १८! उरलेले साडेसतरा. आता यातून निवडायचं कसं? शिवाय प्रत्येक कंपनीच्या पानावर पदकांची माळ, आणि प्रत्येकाचं पदक वेगळ्या शर्यतीतलं.

गुणांवर जमेना म्हणून मी पॅकेजांकडे वळलो, आणि तिथे माझं घोडं अडलं ते अडलंच. मला व्हायरस पकडणारा हवा होता. ते लोक मला इंटरनेटवरची ये-जा लपवणारा व्हीपीएन, पासवर्डांची तिजोरी, मुलांवर पाळत, कचरा साफ करणारा आणि वेग वाढवणारा, असा सगळा लवाजमा देऊ करत होते. वेग वाढवणारा का लागतो, हे बाकीचे चौघे चालू केल्यावर कळतं. २०२१ मध्ये नॉर्टनने तर आपल्या पॅकेजात क्रिप्टो मायनिंगची सोय आणली होती. म्हणजे तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा नाणी खणणार, वीज तुमची, आणि कमाईतले १५ टक्के कंपनीचे. एरवी न विचारता हेच काम करणारा प्रोग्रॅम सापडला तर अँटिव्हायरसने त्याच्या मुसक्या आवळल्या असत्या.

किमतीचंही तसंच. पहिल्या वर्षाचा आकडा भल्या मोठ्या अक्षरांत आणि त्याला लागून 'फक्त'. दुसऱ्या वर्षाचा आकडा पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरांत, एका चांदणीच्या खुणेआड. आणि 'आपोआप नूतनीकरण' या चौकोनात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. केवढी ती आपली काळजी!

मग फुकट घ्यावा का? फुकटवाल्यांचंही पोट असतं. अवास्टने गिऱ्हाइकांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्याच एका उपकंपनीमार्फत विकल्याचं प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे गेलं आणि २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायची पाळी त्यांच्यावर आली. हे मी मेहुण्याला मुद्दाम ऐकवलं. "बघा, मी म्हणतच होतो," असं म्हणून तो पुन्हा आपल्या पट्टीत बातम्या वाचू लागला.

तरी घरी मी एक महिनाभराचा चाचणी पॅक टाकून पाहिला. नाव सांगत नाही, भांडण नको. दर तासाला मालकाला हलवून उठवायचं आणि 'साहेब, चोर आला नाही' म्हणून सांगायचं, असा रखवालदार कुणी ठेवला असेल तर त्याला माझी अवस्था कळेल. 'स्कॅन पूर्ण. काहीही सापडले नाही.' 'आपण सुरक्षित आहात.' 'आपण अधिक सुरक्षित होऊ शकता.' बायकोची ऑनलाइन मीटिंग चालू, ती स्क्रीन सगळ्यांना दाखवतेय, आणि कोपऱ्यातून चौकट वर सरकते: 'आपल्या संगणकात १,४०० निरुपयोगी गोष्टी आढळल्या!' मीटिंगमधले सगळे तिच्या संगणकाकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. त्या रात्री भीक नको पण कुत्रा आवर, या निष्कर्षावर घरात एकमत झालं.

पण काढणं म्हणजे घालण्याहून अवघड. 'काढून टाका' दाबलं तर भगव्या रंगाचं भलं मोठं बटण आलं: 'संरक्षण चालू ठेवा'. दुसरं बटण कुठेय? खाली, फिकट राखाडी, बटण नव्हेच, नुसती अधोरेखित अक्षरं: 'धोका पत्करून पुढे जा'. गेलो. मग 'आपण आम्हाला का सोडत आहात?' खाली सहा कारणं, आणि एक निवडल्याशिवाय सुटका नाही. 'इतर' निवडलं तर लिहायला रिकामी जागा दिली. त्या जागेत मी जे लिहिलं ते इथे देत नाही. मग संगणक बंद-चालू. आणि पुन्हा चालू होताना तोच कोपरा, तीच चौकट: 'आम्हाला आपली आठवण येते. ६० टक्के सूट!'

मुलगा हे सगळं मागे उभा राहून बघत होता. "बाबा, पण विंडोजमध्ये डिफेंडर असतोच की."

असतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पुरता अँटिव्हायरस म्हणून सोबतच येतो, आणि त्याच जर्मन परीक्षेत आता तोही वरच्या रांगेत बसतो. त्याचा स्वभाव असा की दुसरा कुणी घरात आला की हा बिचारा न भांडता बाजूला होतो, आणि दुसरा निघून गेला की न सांगता पुन्हा कामावर रुजू होतो. घरचा प्रश्न तिथेच सुटला. अपडेट बंद करायची नाहीत आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, डिस्क एरवी काढून ठेवलेली, एवढा ठराव केला.

ऑफिसचं तसं नाही. साहेब म्हणाले, "फुकटचं ऑफिसला नको, बरं दिसत नाही." कारण चुकीचं, पण निर्णय बरोबर होता. बरेचसे फुकट अँटिव्हायरस फक्त घरगुती वापरासाठीच दिलेले असतात, ऑफिसात टाकले तर परवान्याचा भंग होतो. शिवाय ऑफिसात कुणीतरी सगळ्या मशीन्सवर एका जागेवरून नजर ठेवावी लागते. कारण कुठल्या तरी मशीनवर कुणीतरी अपडेट पुढे ढकलत असतोच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर संगणकांना कुलपं लावून खंडणी मागितली, तेव्हा ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. लोक दोन महिने 'नंतर आठवण करा' दाबत होते.

मी एक पैसे देऊन घ्यायचा, व्यवसायासाठीचा अँटिव्हायरस चाचणीला लावला. पहिल्याच महिनाअखेरीला अकाउंट्समधून नाना धावत आले. "माझं बिलिंग गायब झालं!" गायब नव्हतं, अटकेत होतं. नानांचं बिलिंग सॉफ्टवेअर कुणा एकट्या माणसाने फार पूर्वी लिहून दिलेलं. त्यावर ना सही ना शिक्का, आणि ते एका दमात शेकडो फायली उघडून लिहितं. खंडणीखोरही नेमकं हेच करतात. वागणुकीवरून संशय घेतला, क्वारंटाइनमध्ये टाकलं. नवलाचं काही नाही. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून उचलली होती आणि संगणक उठ-बस करत राहिले होते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडून त्यांचे पडदे निळे केले आणि विमानं जमिनीवर राहिली. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे.

मी बिलिंगचं फोल्डर तपासणीतून वगळलं. नानांना ही सोय भलतीच आवडली. "मग सगळी सी ड्राइव्हच वगळा ना. कटकट नको."

शेवटची मंजुरी साहेबांची. "हा चालतो याला पुरावा काय?" पुरावा देण्याची सोय आहे. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. अँटिव्हायरसवाल्यांनी आपसात ठरवलंय की ही दिसली की बोंब ठोकायची, म्हणजे खरा व्हायरस न सोडता चाचणी होते. मी साहेबांसमोर ती नोटपॅडमध्ये टाकून जतन केली. तत्क्षणी लाल चौकट, इशारा, फाइल जप्त. मी विजयी मुद्रेने साहेबांकडे पाहिलं.

"हा व्हायरस होता?"

"नाही साहेब. त्या ओळीतच लिहिलंय, ही चाचणीची फाइल आहे म्हणून."

"स्वतः सांगतेय की मी व्हायरस नाही, तरी पकडली?"

"हो. तेच तर..."

"आणि नानांचं बिलिंगही पकडलं होतं. ते पण व्हायरस नव्हतं."

"नव्हतं."

"मग यानं आजपर्यंत एक तरी खरा व्हायरस पकडलाय का?"

संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिलंय की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही, हे मी त्या क्षणी सांगितलं नाही. बजेट हातचं गेलं असतं.

सही झाली. सगळ्या मशीन्सचे इशारे आता माझ्या फोनवर येतात. पहिला खरा इशारा परवा आला. सगळ्या ऑफिसला एक मेल गेला होता, सोबत फाइल: 'पगारवाढ यादी डॉट पीडीएफ', आणि त्यापुढे, विंडोज एरवी दाखवत नाही ते खरं शेपूट, 'डॉट ईएक्सई'. युक्ती जुनीच. मे २००० मध्ये फिलिपीन्समधून सुटलेला 'आय लव्ह यू' हा व्हायरस असाच साध्या मजकुराच्या वेषात आला होता आणि प्रेमपत्र समजून लाखो लोकांनी तो उघडला होता. प्रेमाची जागा आता पगाराने घेतलीय. पण आमच्या अँटिव्हायरसने प्रत्येक मशीनवर फाइल धरली. मी खुर्चीत मागे रेललो.

पाच मिनिटांत फोन सुरू झाले. अभिनंदनाचे नव्हते. "अरे, ती यादी अडकलीय बघ, जरा सोडवून दे ना." नाना म्हणाले, "ते वगळायचं जमतं ना तुम्हाला, तेवढी एक वगळा." सगळ्यांना एकच उत्तर देऊन दमलो, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. म्हटलं, चला, एकाला तरी किंमत आहे.

"ती पगारवाढीची यादी पकडलीत म्हणे. शाब्बास. मी तर अशी यादी केलेलीच नाही."

"तेच साहेब, ती बनावट आहे."

"ते कळलं हो. पण ती माझ्या मशीनवर जरा सोडा. कुणाला किती दाखवलीय, तेवढं बघू."