शेजाऱ्याचं पिस्तूल आणि आमच्या ग्रुपवरचं भांडण

आमच्या कोल्हापूरच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बंदुकीच्या परवान्याचा वाद अधूनमधून पेटतोच. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला, तो काही बंदुकीने झाला नव्हता, पण त्या निमित्ताने एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने आहेत हे बाहेर आलं, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले, आणि ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले ते आजतागायत तसेच आहेत. एक तट म्हणतो सगळ्यांचे परवाने काढून घ्या. दुसरा म्हणतो गुंडांकडे चोपड्याच्या पलीकडचे, मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या उमर्टीत चोरून बनणारे गावठी कट्टे आहेतच की, मग सरळमार्गी माणसानेच का हात चोळत बसायचं, अमेरिकेत बघा, लोक गॅरेजमध्ये स्वतःचं पिस्तूल स्वतः बनवतात! आणि इथे मला टॅग करतात, कारण मी ओहायोत राहतो.

तर हो, बनवतात. माझा शेजारीच बनवतो. पण तो नेमकं काय करतो हे ग्रुपवर कुणालाच माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा माणूस सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर टूल अँड डाय मेकर म्हणजे कारखान्यांसाठी साचे आणि हत्यारं बनवणारा कारागीर म्हणून काम केलेला. त्याचा जीव आहे तो '१९११' या पिस्तुलावर. जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेलं, अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारलेलं आणि १९८५ मध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल येईपर्यंत अधिकृत पिस्तूल म्हणून वापरलेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने बनवलं, रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या एका कंपनीने बनवलं, आणि आपल्या आज्यांच्या घरात जिचं शिलाई मशीन असायचं त्या सिंगरनेसुद्धा ५०० बनवले. सैन्याची अट एकच, कुठल्याही कारखान्याचा पार्ट कुठल्याही पिस्तुलात बसला पाहिजे. म्हणजे सगळीकडे थोडी ढिलाई ठेवायची, चिखल गेला तरी चालायला हवं. त्यामुळे सैन्यातलं जुनं पिस्तूल हातात घेऊन हलवलं की खुळखुळतं.

निशाणेबाजाला हवं असतं याच्या बरोब्बर उलटं. इथून गाडीने जाण्यासारख्या अंतरावर, लेक ईरीच्या काठी, कॅम्प पेरी आहे, तिथे १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात, त्यात एका हाताने ५० यार्डांवर मारायचं आणि दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ३.३६ इंचांचं. नेम धरायची साइट असते वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर, आणि गोळी जाते बॅरलमधून, म्हणजे नळीतून, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर हे दोन्ही परत केसभरही न हलता त्याच जागी आले पाहिजेत, नाहीतर नेम कितीही धरा उपयोग नाही. म्हणून असे कस्टम पार्ट मुद्दाम जरासे मोठे बनवलेले मिळतात. बसतच नाहीत! ते बसवायचे हाताने.

शेजारी बसवतो ते बघत राहावं असं असतं. व्हाइसमध्ये पार्ट, खाली तांब्याचे जबडे म्हणजे ओरखडा नको, घासणाऱ्या भागावर निळ्या शाईचा पातळ थर. स्लाइड घालून बघतो, अडली की काढतो, निळं कुठे पुसलंय ते भिंगातून बघतो, तेवढ्याच जागी कानशीचे दोन हात मारतो, फडक्याने पुसतो, परत निळं. मध्ये कॉफी. मध्येच नुसतं बघत बसणं, त्याला तो कामच म्हणतो. एकदा जास्त निघालेलं धातू परत लावता येत नाही हे त्याच्या बोटांना माहीत आहे, त्यामुळे घाई नावाचा प्रकारच नाही. ट्रिगरच्या आतल्या भागांना मात्र तो हात लावत नाही, ते लायसन्सवाल्या गनस्मिथकडे जातात, आणि व्हिडिओ बघून तिथे कानस चालवणाऱ्या पोरांबद्दल तो जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मला हे सगळं ओळखीचं वाटतं कारण डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये आम्ही हेच तर केलं. लोखंडाचा तुकडा, भरड कानस, मग बारीक कानस, आणि मेस्त्री काटकोन तपासायचा गुण्या लावून जॉब खिडकीकडे धरायचे. "उजेड दिसतोय बघ." झालं, परत व्हाइसवर. कोल्हापूरच्या उद्यमनगरमध्ये असे मेस्त्री होते की नुसता अंगठा फिरवून सांगायचे कुठे उंच आहे.

आता कायद्याचं. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला केंद्राचं लायसन्स लागत नाही हे खरं, विकायचा धंदा करायला लागतं. कायद्याच्या नजरेत पिस्तूल म्हणजे फक्त फ्रेम, खालचा मूळ सांगाडा, बाकी बॅरल-स्लाइड साध्या मालासारखे पोस्टाने येतात. पण आपली निम्मी मंडळी जिथे राहतात त्या न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नियम खूप कडक आहेत, आणि घरी जोडायच्या किटवर २०२२ मध्ये केंद्राने सिरियल नंबरचा नियम आणला तो मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने उचलून धरला. शिवाय एच-वन व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या लायसन्ससारखे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगताच येत नाही. म्हणजे ग्रुपवर ज्या स्वातंत्र्याचं कौतुक चाललंय ते इथल्या बऱ्याचशा मराठी पोरांना लागूच नाही. आपल्याकडे १९५९ च्या कायद्यात 'शस्त्र' म्हणजे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा. परवान्याशिवाय बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. शेजारी जे हौसेने करतो ते शिरपूर-चोपड्याकडे केलं तर आयुष्य गेलं.

माझ्या मते हे असंच राहावं. मित्रांना राग येईल, येऊ दे. शेजाऱ्याचं पिस्तूल स्वसंरक्षणासाठी नाहीच मुळी, ते तिजोरीत असतं आणि कागदावर भोकं पाडायला बाहेर येतं. स्वसंरक्षणाचा हिशेब वेगळा आहे आणि तो इथे राहणाऱ्याला रोज दिसतो. २०२२ मध्ये या देशात सुमारे ४८ हजार माणसं बंदुकीने मेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. गुंड नाही, दरोडेखोर नाही, घरातलाच माणूस, वाईट रात्र आणि कपाटातली बंदूक. त्याच वर्षी जूनपासून ओहायोत लपवून पिस्तूल बाळगायला परवानासुद्धा लागेनासा झाला. शाळेत पोरांना दार लावून अंधारात गप्प बसायचा सराव करावा लागतो, हे फॉरवर्डमध्ये येत नाही.

आणि ते गांधीजींचं वाक्य, इंग्रजांच्या सगळ्या कृत्यांत शस्त्रबंदीचा कायदा सर्वांत काळा, ते तर दर वेळी कुणीतरी टाकतोच. बाबांनो, ते १९१८ मध्ये गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकातलं आहे, फौजेत जा आणि शस्त्र चालवायला शिका असं सांगणारं. गल्लीतल्या भाऊच्या वाढदिवसाला हवेत बार काढण्याशी त्याचा काय संबंध?

पण सगळे परवाने रद्द करा म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याला पीकसंरक्षणाचा परवाना मिळतो तो उगाच नाही, आणि राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, पॅरिसला ब्राँझ घेणारा स्वप्नील कुसाळे ही सगळी आपल्याच जिल्ह्यातली. ज्याला नेमबाजीचीच ओढ आहे त्याने रायफल क्लबात जावं. तिथे स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी ग्रिप खेळाडूच्या पंजाप्रमाणे पुट्टी भरून, घासून, परत भरून जुळवतात, हातकामाची हौस तिथे कायदेशीर फिटते.

मला हेवा वाटतो तो शेजाऱ्याच्या परवानगीचा नाही, त्याच्या हाताला मिळणाऱ्या मानाचा. चांगल्या हाताने फिट केलेल्या १९११ ला इथे हजारो डॉलर मोजतात आणि वर्षवर्ष थांबतात. आपल्याकडे त्याच तोडीचा हात असलेला फिटर कंत्राटावर राबतो आणि पोरीला स्थळ बघताना 'आयटीआय' ऐकलं की चहा थंड होतो. अर्थात इथेही सगळं गोड नाही, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर आता इतके नेमके पार्ट निघतात की हाताने बसवायची गरज कमी होत चाललीय, आणि शेजाऱ्याच्या शॉपमध्ये त्याच्या जागी नवीन पोरगा आलाच नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं तर पहिला रिप्लाय आला, "ते जाऊ दे रे, तू घेतलीस का नाही ते सांग." नाही घेतली. ग्रीन कार्ड आहे, पैसे आहेत, दुकान जवळ आहे. घरात वयात आलेली पोरगी पण आहे, आणि वरचा तो आत्महत्यांचा आकडा मी वाचलाय.