आकडा ९५ होता

दुपारपासून आतल्या आत धुमसतेय. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही, म्हणून लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

एका ऑनलाइन चर्चेत माझी विद्यार्थिनी तिचं काम मांडत होती. आजारपणात बायकांचं म्हणणं कोण मनावर घेतं, कोण उडवून लावतं, त्यात कातडीच्या रंगाचा, पैशाचा आणि हातातल्या फोनचा किती हात असतो, असा तिचा विषय. पोरीने वर्षभर लोकांशेजारी बसून ऐकून घेतलंय. तिचं बोलणं अर्ध्यावर असतानाच एका ज्येष्ठ गृहस्थांनी माइक चालू केला. "मशीनला ना रंग दिसतो, ना बाई-पुरुष. डेटा सगळ्यांना सारखा. उगाच जिथेतिथे भेदभाव कशाला शोधत बसायचा?" चार-पाच जणांनी लगेच अंगठे वर केले. तिने पुढची स्लाइड उघडलीच नाही.

आणि मला आईची ती रात्र आठवली.

माझी आई काळी आहे. लोक सांभाळून 'सावळी' म्हणतात, ती स्वतः सरळ काळी म्हणते. कोविडचे दिवस. ती पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती, एक वाक्य तीन तुकड्यांत बोलत होती. बोटाला ऑक्सिमीटर. आकडा ९५. डॉक्टर म्हणाले, "ऑक्सिजन छान आहे मावशी, भीतीमुळे असं वाटतंय." आई म्हणाली, "अहो, मला श्वास पुरत नाहीये." त्यांनी पुन्हा यंत्राकडे पाहिलं. आईकडे कुणी पाहिलंच नाही. पहाटे कुणाला तरी शंका आली, मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं, तेव्हा खरा आकडा कळला. ८६.

ते यंत्र बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवतं आणि पलीकडे किती पोचला त्यावरून रक्तातला ऑक्सिजन ठरवतं. कातडीला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. त्यामुळे गडद कातडीच्या माणसाचा ऑक्सिजन खाली गेलेला असतानाही यंत्र तो बरा असल्याचं दाखवू शकतं. हे १९९० पासून छापील आहे! तीस वर्षं कुणाला घाई नव्हती. २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पुन्हा मोजलं, तेव्हा असा लपून राहिलेला कमी ऑक्सिजन काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट सापडला. मशीनला रंग दिसत नाही म्हणे.

हो, त्या रात्री आईचे हात गार पडले होते, आणि गार बोटांनीही आकडा चुकतो. मान्य. या यंत्राने कितीतरी जीव वाचवलेत, तेही मान्य. पण म्हणून माणूस तोंडाने सांगत असताना ऐकायचं नाही?

त्या गृहस्थांना अजून एक सांगायला हवं होतं. अमेरिकेतल्या इस्पितळांत एक सॉफ्टवेअर वापरात होतं, कुणाला जास्तीच्या देखभालीची गरज आहे ते ठरवणारं. त्यात वंशाचा रकानाच नव्हता. म्हणजे यांच्या भाषेत एकदम निष्पक्ष. ते आजार मोजायचं खर्चावरून: आजवर ज्याच्यावर जास्त पैसे खर्च झाले, तो जास्त आजारी. आता ज्यांना डॉक्टरपर्यंत पोचूच दिलं जात नाही, पोचल्यावर ज्यांच्या तपासण्या होत नाहीत, त्यांच्यावर खर्च होणार कुठून? तेवढीच आजारी काळी माणसं त्या सॉफ्टवेअरला धडधाकट वाटायची. २०१९ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला, की ही चूक काढली तर जास्तीच्या मदतीसाठी निवडलेल्यांत काळ्या रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ वर जाईल. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी दार लावून घेतलं नव्हतं, तरी माणसं बाहेर राहिली. म्हणून तर शोधावं लागतं. डोळ्यांना दिसत असतं तर संशोधन कशाला लागलं असतं?

आणि बायकांचं म्हणाल तर हे आजचं नाहीच. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ते बदलायला १९९३ उजाडलं. झॉल्पिडेम या झोपेच्या औषधाचा बायकांसाठीचा डोस निम्मा करायला २०१३! तोवर पुरुषाच्या मापाची गोळी घेऊन बायका सकाळी गाडी चालवत होत्या, औषध अजून रक्तात. ॲपलने २०१४ मध्ये आरोग्याचं ॲप आणलं. पोटात क्रोमियम नावाचं खनिज किती गेलं याची नोंद त्यात करता येत होती, पाळीची मात्र वर्षभर सोयच नव्हती. हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नसेल, आणि मला राग येतो तो त्याचाच.

माझी विद्यार्थिनी रंग, बाईपण आणि आजार एकत्र का बघते, असाही एक प्रश्न आला होता. "एकेक घ्या ना, सोपं जाईल." १९७६ मध्ये अमेरिकेत काही काळ्या बायका जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या विरोधात, नोकरीतल्या भेदभावाच्या खटल्यात, हरल्या. बायकांना नोकऱ्या होत्या, पण गोऱ्या बायकांना, ऑफिसात. काळ्यांनाही होत्या, पण पुरुषांना, कारखान्यात. कोर्ट म्हणालं, वंशाची तक्रार करा नाहीतर बाई म्हणून करा, दोन्ही मिसळू नका. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच फटीवर बोट ठेवलं. त्या रात्री आईला मी विचारायला हवं होतं का, की बाई म्हणून तुला घाबरट ठरवलं, की काळी म्हणून यंत्र चुकलं? तिला तर दोन्ही एकाच श्वासात सोसावं लागलं.

संगणकशास्त्रज्ञ जॉय बुओलाम्विनी यांची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात काम करताना चेहरा ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला त्यांचा काळा चेहरा दिसेना. त्यांनी पांढरा मुखवटा चढवला, लगेच दिसला. मग त्यांनी आणि संशोधक टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांचे असे प्रोग्रॅम तपासले. चेहरा बाईचा की पुरुषाचा हे सांगताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, गडद वर्णाच्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. हे का सापडलं? कारण जिचा चेहरा गाळला गेला, तीच मोजायला बसली.

संशोधन करणारे आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत राहिले. त्यावरचं औषध, पेनिसिलिन, हाताशी आल्यावरही. त्यालाही अभ्यासच म्हणत होते. म्हणून कुणी मुलाखतीला नाही म्हटलं की माझी विद्यार्थिनी वही मिटते, पाणी मागते आणि बसून राहते. कधीकधी तासाभराने ती व्यक्ती स्वतःहून बोलायला लागते. हे तिला मी शिकवलेलं नाही.

लिहिता लिहिता राग उतरला. आता नुसतं वाईट वाटतंय. त्या रात्रीची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. डॉक्टर गेल्यावर आईने माझा हात धरला आणि पुन्हा तेच म्हणाली. आणि मी, जिचं पोट याच विषयावर चालतं, तिला म्हणाले, "अगं आई, ९५ आहे, उगाच मनावर घेऊ नकोस." तिने हात सोडला.

आई आता बरी आहे. संध्याकाळी तिला फोनवर आजचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू काय बोललीस?"

मी काहीच बोलले नव्हते. माझा माइक बंद होता, तो मी बंदच ठेवला.

फोन ठेवल्यावर विद्यार्थिनीला फोन लावला. म्हटलं, ती पुढची स्लाइड कसली होती गं? पाऊण तास ती बोलत होती, मी एकदाही मध्ये बोलले नाही. पुढच्या चर्चेत ती पहिली बोलणार आहे, तसं आयोजकांना आत्ताच लिहून टाकलंय.