तीन सुतांवरून स्वर्ग

डावं पायडल खाली गेलं की टक्. फेरा पुरा होऊन ते परत खाली आलं की पुन्हा टक्. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरापासून मंडईपर्यंत असे १८४ टक् होतात. मी मोजलेत. यावरून माझ्या मनाची अवस्था काय झाली होती ते ओळखावं.

सायकल आप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची. १९४८ साली घेतलेली रॅले. काळी, उंच, रॉडच्या ब्रेकची, अठ्ठावीस इंची चाकांची. पुढे ३२ स्पोक, मागे ४०. किमतीबद्दल घराण्यात एकवाक्यता नाही. आप्पा एकशे चाळीस रुपये सांगायचे, बाबा एकशे वीस सांगतात आणि धाकटे काका पंच्याऐंशीच्या वर जायला तयार नाहीत. पण ती ‘विलायती’ आहे यावर तिघांचं एकमत. मधली वीसेक वर्षं ती वाड्याच्या जिन्याखाली, गव्हाच्या पिंपामागे उभी होती. वाडा पाडून सोसायटी व्हायची ठरली, भंगारवाला हातगाडी घेऊन दारात आला, आणि मी पुढे होऊन हँडल धरलं. तेव्हा वाटलं, वारसा राखला. पुढे कळलं, बिनपगारी नोकरी धरली.

सोसायटीत सायकल आली तसे तळमजल्यावरचे काका खाली वाकून बघून गेले.

“आसनसोलची दिसतेय. सेन-रॅले.”

“नाही हो काका, इंग्लंडची आहे. हा बघा पुढचा बिल्ला. नॉटिंगहॅम.”

“बिल्ला काय, कुणीही लावतो.”

“आप्पांनी ४८ साली घेतली. आसनसोलचा रॅलेचा देशी कारखाना त्यानंतरचा.”

“पावती आहे?”

मुद्दा संपला.

तर ती टकटक. ज्यांचा जन्म गिअरच्या सायकलींत गेला त्यांच्यासाठी जरा उलगडून सांगतो. पायडल क्रँकला, म्हणजे त्या लोखंडी दांड्याला, असतं आणि क्रँक मधल्या आक्सलवर बसतो. त्याला तिथे धरून ठेवते ती कॉटर पिन. बोटाच्या दोन पेरांएवढी वस्तू. एका अंगाने तिरकी तासलेली, एका टोकाला आटे, त्यावर हरभऱ्याहून थोडा मोठा नट. जाडी तीन सूत, म्हणजे ३/८ इंच, मिलिमीटरवाल्यांच्या भाषेत साडेनऊ. तुमचं वजन, कॅरिअरवरची मंडईची पिशवी, मागे डबलसीट बसलेला मेव्हणा आणि रस्त्याचा चढ, हे सगळं त्या पिनेच्या तासलेल्या अंगावर येतं. ते अंग केसभर झिजलं की क्रँक आक्सलवर केसभर हलतो. आणि त्या केसभर हलण्याचा जो आवाज होतो, तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतो.

आधी मी नव्या जमान्याच्या दुकानात गेलो. काचेचं दार, एसी, भिंतीला उलट्या टांगलेल्या सायकली. तिथल्या पोराने माझ्या सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली, मोबाइलवर फोटो काढला आणि मग म्हणाला, “सर, हे मॉडेल बहुतेक बंद झालंय.” बातमी जपून द्यावी तसा आवाज. “आपण पूर्ण सेटच बदलून टाकू. क्रँक, आक्सल, चेन, मागचं चाक...” बोलता बोलता त्याचा हात हँडलपर्यंत पोचला, तशी मी सायकल मागे घेतली. ऑपरेशनच्या टेबलावरून पेशंट उठून घरी जातो तसे आम्ही दोघं बाहेर आलो.

खरा माणूस दोन गल्ल्या पलीकडे, पिंपळाखाली. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचं दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप, पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं आणि फांदीला टांगलेले टायर. एका वेळी एका चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसलेले असतात. चाक फिरवायचं, डोळा बारीक करायचा, एका स्पोकचं निपल पाव फेरा आवळायचं, परत फिरवायचं. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं चालत नाही. मी वीस मिनिटं उभा राहिलो.

मग त्यांनी नुसतं क्रँक धरून हलवलं. “काटर गेलीय.”

एवढं निदान. फी नाही, एक्सरे नाही.

पिन काढणं ही मात्र शस्त्रक्रियाच. नट सैल केला, क्रँकखाली लोखंडी ठोकळ्याचा टेका दिला. “टेका दिल्याशिवाय कुणाला घाव घालू द्यायचा नाही. छर्रे कपात रुततात,” (छर्रे म्हणजे आक्सलभोवतीच्या बेअरिंगच्या गोळ्या, कप म्हणजे त्यांची वाटी) हा उपदेश मला आणि शेजारी पंक्चरसाठी थांबलेल्या कॉलेजच्या मुलीला एकत्र मिळाला. मग एक घाव. पिन हलली नाही. रॉकेलचे दोन थेंब, एक बिडी, पुन्हा घाव. पाचव्या घावाला ती टुण्णकन उडून घमेल्यात पडली. मी ती पुसून खिशात टाकली. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

“आता उघडलंयच तर ओव्हरऑइलिंग करून टाकू,” मामा म्हणाले. (या शब्दाचं इंग्रजी मूळ वेगळं आहे हे मला माहीत आहे. पण भरपूर ऑइल पडतंच, तेव्हा शब्द बरोबरच आहे.) आतून वंगण निघालं ते चिंचेच्या कोळासारखं. छर्रे पाव इंची, एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा. मामांनी ते झाकणात काढले आणि मोजायला मला बसवलं. एकवीस भरले. बाविसावा गटाराच्या जाळीकडे निघालेला दिसला. त्याला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं.

उजव्या कपाला खड्डे पडले होते. मामांनी पेटीतून नवा कप काढला, लावला, अर्धा फेरा फिरवला आणि थांबले. परत लावला. परत थांबले.

“आटे बसत नाहीत.”

इथे मला पहिल्यांदा आप्पांच्या सायकलीचा खरा स्वभाव कळला. इतर इंग्लिश सायकलींना त्या जागी इंचाला २४ आटे. रॅलेवाले स्वतःच्या कारखान्यात २६ पाडत. आमच्या सायकलीला आमचाच कप लागेल, इतरांचा चालणार नाही. ‘आमची कोठेही शाखा नाही’ हा बाणा नॉटिंगहॅममध्येही होता म्हणायचा. एवढं अंतर तोडून ही सायकल पुण्यातच का येऊन राहिली, याचा उलगडा झाला. काकांना हा २६ आट्यांचा पुरावा मी लगेच ऐकवला. ते म्हणाले, “मोजले कुणी?”

कप जुनाच ठेवला, छर्रे नवे घातले, पिन बाजारातली दहा रुपयांची बसवली. येताना आवाज नाही. आठ दिवस नाही. नवव्या दिवशी मंडईच्या कोपऱ्यावर, हातात अळूची जुडी असताना, टक्.

मामांनी पिन काढून दाखवली. नवी पिन, पण तासलेल्या अंगावर आक्सलचा ठसा उमटलेला, साबणावर अंगठा दाबावा तसा. “माल मऊ येतो आता,” ते म्हणाले आणि पुन्हा आउट काढायला वळले.

इथे खरं म्हणजे थांबायला हवं होतं. पण माणूस एकदा यंत्राच्या नादी लागला की त्याला वाटतं, यात काय आहे, आपणही करू. मी हातोडी, कानस आणि दहा पिना आणल्या आणि रविवारी पार्किंगमध्ये बसलो. सुरुवातीलाच डावं पायडल काढायला गेलो आणि पाऊण तास ते जीव खाऊन घट्ट केलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते आपोआप सुटून येईल. ही गोष्ट तळमजल्यावरच्या काकांना पहिल्यापासून माहीत होती. ते पाऊण तास खिडकीत होते.

दोन्ही पिना मात्र बसल्या. कानशीने घासून, बघून, परत घासून, अगदी मापात. टेका देऊन ठोकल्या, नट आवळले, स्वारी निघाली. शंभर पावलांवर लक्षात आलं की काहीतरी गंभीर बिघडलंय, आणि ते सायकलीचं आहे की माझ्या कमरेचं ते कळेना. उजवा पाय बारावर असताना डावा सहावर हवा, तो सव्वासहाच्या दिशेने निघालेला. दोन्ही पिना मी एकाच बाजूने घातल्या होत्या. एकीचा नट वर तर दुसरीचा खाली असायला हवा, नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत. मी लंगडत लंगडत सायकल चालवत होतो. ही कला फार थोड्यांना साधते. बायकोने गॅलरीतून विचारलं, “अहो, पायाला लागलंय का?” आणि वॉचमनने आदराने गेट उघडलं.

मध्ये एकदा जुन्या बाजारातही जाऊन आलो. बुधवारी आणि रविवारी भरतो. ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, बंद घड्याळं, पितळी कुलपं, आणि त्यात अख्खा चेनव्हील-क्रँकचा सेट! चकतीत कोरलेली तीन लांब चोचींची डोकी. रॅलेचीच खूण. माझा चेहरा मी सांभाळायला हवा होता. “बदकवाली आहे साहेब, आठशे.” मी म्हटलं, “बदक नाही, बगळा आहे.” “बगळा आहे तर हजार.” साडेसहाशेला आणला. त्यातली पिन गंजून क्रँकशी एकजीव झाली होती. मामांनी दोन हातोड्या वापरल्या, मग सेट उचलून पिंपळाला टांगला. अजून तिथेच आहे. गिऱ्हाइकं त्याला नमस्कार करत असावीत.

शेवटी मामाच म्हणाले, “लेथवर करून घ्या.”

नाना पेठेतल्या एका बोळात दहा बाय बाराच्या खोलीत लेथ. मालकाने माझ्या खिशातली जुनी पिन घेतली, व्हर्नियर लावला, उजेडात धरली.

“किती पाहिजेत? शंभर?”

“दोन.”

त्याने माझ्याकडे बघितलं. शंभर दुचाक्यांच्या आणि टेम्पोच्या कामांत एक सायकलवाला त्याला बहुतेक करमणूक वाटला असावा. “दोनचे तीनशे होतील. ईएन-एट स्टील लावतो, मऊ नाही पडणार.” मग पिन परत उलटसुलट करत म्हणाला, “ही पण कंपनीची नाही हां. हातानं घासलेली आहे. कानशीच्या रेघा बघा. पण ज्यानं केली त्यानं जीव लावून केलीय, फक्त चपटी बाजू जरा जास्त घेतलीय.”

मी रेघा बघितल्या. तिरक्या, जवळजवळ, एकाच दिशेच्या.

दोन पिना दुसऱ्या दिवशी मिळाल्या. मामांनी त्या उलटसुलट बाजूंनी, टेका देऊन, तीन तीन घावांत बसवल्या. घरी येताना पाऊस लागला. ओल्या स्टीलच्या रिमवर रॉडचे ब्रेक म्हणजे नुसता विनंतीअर्ज. मंजूर झाला तर झाला. पण टक् नाही. पुढचा चौक, टक् नाही. १८४ वेळा नाही. फक्त फ्रीव्हीलच्या कुत्र्यांची, म्हणजे आतल्या खिट्ट्यांची, बारीक किरकिर आणि टायरचा ओल्या रस्त्यावरचा आवाज.

वर आलो तर बाबा गॅलरीत पेपर घेऊन बसलेले. दचकले.

“तू कधी आलास? कळलंच नाही.”

“आवाज गेला, बाबा. पूर्ण गेला.”

“अस्सं,” म्हणाले. थोड्या वेळाने पेपर खाली ठेवला. “आप्पा कोपऱ्यावर वळले की ऐकू यायचं. टक्, टक्. तेवढ्यात पत्ते गादीखाली आणि पुस्तकं मांडीवर. त्या आवाजाने आमचा पुष्कळ मार वाचवला.”

“मग आप्पांनी दुरुस्त नाही करून घेतला?”

“त्यांनीच तर केली होती ती पिन. बाजारात मिळाली नाही म्हणून ओसरीवर बसून दोन संध्याकाळ घासत होते. बसवली त्या दिवसापासून टक्. आई म्हणायची, दुरुस्त केली तेव्हा बिघडली.” मग जरा थांबून, “टाकलीस का रे ती?”

टाकली नव्हती. काडेपेटीत घालून टेबलावर ठेवली होती. टेबलावर काडेपेटी होती, पिन नव्हती. मी खण उपसले, पलंगाखाली बॅटरी मारली, पँटचे खिसे उलटे केले.

“ती लोखंडी खुंटी होय?” स्वयंपाकघरातून आवाज आला. “ती मी इथे खिडकीच्या कोयंड्यात घातलीय. वर्षभर सांगतेय कडी तुटलीय, रात्रभर तावदान आपटतं. अशी फिट बसलीय म्हणून सांगू! आता काढायला जाऊ नका हं. आणि ऐका, वारा आहे तरी टक् म्हणून होत नाही.”