मिरगाच्या पहिल्या सरीला हवं ते पेरा? कोकणात तरी नको

मे संपत आला की एक संदेश फिरू लागतो: ‘कोकणात परसबागेला कष्ट नाहीत. पहिल्या सरीला हवी ती भाजी लावा, खोल आळी करून शेण भरा, बाकीचं पाऊस बघतो.’ या सल्ल्याने कित्येकांची पहिलीच बाग बुडते.

‘हवी ती भाजी’ जूनमध्ये येत नाही. भेंडी, काकडी, पडवळ, दोडका, कारली, अळू ही पावसाळ्याची पिकं. टोमॅटो, कोबी, कोथिंबीर पाऊस ओसरल्यावरच लावा.

टोमॅटोत तर मोठाच धोका आहे. हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं, लोक तहानलं समजून पाणी घालतात आणि चार दिवसांत ते मरतं. खोड जमिनीलगत कापून तुकड्याचं टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरले, तर ती जिवाणूंची मर, म्हणजे झाड कोमेजवून मारणारा रोग आहे. उष्ण, ओल्या, आम्लधर्मी जमिनीत ती फोफावते आणि लागलेलं झाड कोणत्याही फवारणीने वाचत नाही. मुळांसकट उपटा, खतखड्ड्यात टाकू नका. त्या वाफ्यात निदान दोन-तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची नको. भेंडी किंवा मका घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या वाफ्यात अर्का रक्षकसारखा मर सोसणारा वाण लावा.

खोल आळं उन्हाळ्यात योग्य. पावसात त्यात पाणी तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात. मग लोक युरिया घालतात आणि तोही वाहून जातो. त्याऐवजी 90 सेंमी रुंद, 30 सेंमी उंच गादीवाफा करा आणि दोन्ही बाजूंचे चर उताराकडे काढा. कातळावर मातीचा थर पातळ असेल, तर कडेने चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) लावून माती भरावीच लागते.

ताजं शेण घालूच नका, त्याने मुळं खाणारी हुमणी अळी वाढते. पूर्ण कुजलेलं शेणखत चौरस मीटरला 2 ते 3 किलो पुरे. नंतर दर तीन आठवड्यांनी रोपागणिक मूठभर गांडूळखत द्या, कारण पावसात अन्नद्रव्यं झिरपून जातात.

आणि पाऊस फळमाशी आवरत नाही. कोवळी काकडी वाकडी होऊन सडली, तर आत अळ्या सापडतील. अशी फळं रोज गोळा करून पिशवीत घट्ट बांधा. आंब्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉल या आमिषाचा सापळा इथे चालत नाही; वेलभाज्यांवरच्या माशीला क्यू ल्युअर या आमिषाचा लागतो. तो फुलं दिसताच मांडवाला टांगा.