'मूकबधिर' हा सन्मानाचा शब्द नव्हे

दर सप्टेंबरात, बधिर सप्ताहाच्या सुमारास, एक संदेश मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो. त्यातील म्हणणे थोडक्यात असे : 'बहिरा' हा अपमानकारक शब्द आहे, म्हणून 'मूकबधिर' म्हणावे, जन्मतः ऐकू न येणाऱ्याला वाचाच नसते, त्यामुळे हे दोन शब्द जोडीनेच यायचे, अशा व्यक्ती हावभावांनी बोलतात व ते हावभाव जगभर सारखेच असतात, आणि 'मूकबधिर'ही नको असेल तर सरळ 'दिव्यांग' म्हणावे. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्यातील बहुतेक विधाने चुकीची आहेत आणि त्यांचा फटका लहान मुलांना बसतो, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

वाचेविषयीचे विधान सर्वांत घातक आहे, तेव्हा आधी तेच घेतो. फुप्फुसांतून येणारी हवा, स्वरयंत्र, जीभ, टाळू, ओठ यांपैकी कशातही बधिर मुलाच्या बाबतीत सहसा बिघाड नसतो. जन्मतः बधिर असलेले बाळ इतर बाळांसारखाच टाहो फोडते, पहिल्या काही महिन्यांत हुंकारही देते. फरक दिसतो तो पुढे. ऐकू येणारे बाळ सहा-सात महिन्यांचे झाले की 'बाबाबा', 'दादादा' असे आवाज घोळवू लागते, कारण ते स्वतःचा आणि घरातल्यांचा आवाज ऐकत असते. बधिर बाळाचे असे बोल उशिरा येतात किंवा विरळच राहतात. म्हणजे बोलणे अडते ते कानावर काही न पडल्यामुळे. म्हणूनच पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना, हा क्रम तज्ज्ञ सांगतात. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे उपकरण), वाचा-उपचार आणि खुणांची म्हणजेच सांकेतिक भाषा यांपैकी कशावर भर द्यावा याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. मात्र कोणती ना कोणती भाषा मुलापर्यंत लवकर पोचली पाहिजे, यावर दुमत नाही. 'मूक' हा शिक्का एकदा बसला की हे मूल बोलणारच नाही असे घरचेच धरून चालतात, त्याच्याशी बोलणे कमी करतात, आणि भाषा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे हातची जातात.

कायद्यानेही हे दोन विषय वेगळे ठेवले आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार बोलण्याचे आवाज ज्या ध्वनिपट्ट्यात येतात त्यात दोन्ही कानांची श्रवणशक्ती ७० डेसिबलने घटली असेल तर ती व्यक्ती बधिर, आणि ६० ते ७० डेसिबलने घटली असेल तर कमी ऐकू येणारी ठरते. वाचा व भाषेचे दिव्यांगत्व ही स्वतंत्र नोंद आहे आणि तिथे उदाहरणे आहेत ती स्वरयंत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आणि वाचाघात (मेंदूला इजा होऊन भाषा हरपणे) यांची. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या आजोबांना सगळे ऐकू येत असते, तर उतारवयात ठार बहिऱ्या झालेल्या आजी दिवसभर बोलत असतात. या दोघांपैकी 'मूकबधिर' कोणीच नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११९ चे 'मुके साक्षीदार' हे शीर्षकही २०१३ मध्ये बदलून 'तोंडी संवाद साधू न शकणारा साक्षीदार' असे करण्यात आले. खुल्या न्यायालयात खुणांनी दिलेली साक्ष त्या कलमाने तोंडी पुरावाच मानली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

'बहिरा' या शब्दाबाबत संदेशात थोडे तथ्य आहे. हाक ऐकली नाही म्हणून 'बहिरा आहेस का?' असे कोणी खेकसले, तर तो शब्द बोचतोच. परंतु 'बहिरा' हे संस्कृत 'बधिर'चेच प्राकृतातून आलेले रूप आहे. बोच आहे ती स्वरात आणि एकेरीत. लिहिताना 'बधिर व्यक्ती' किंवा 'कर्णबधिर' लिहावे. दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करतात आणि अवघडलेला पायही बधिर होतो, त्यामुळे 'कर्ण' जोडल्याने अर्थ स्पष्ट होतो. जागतिक बधिर महासंघानेही १९९१ मध्ये 'बधिर' आणि 'कमी ऐकू येणारे' हेच शब्द स्वीकारले.

खुणा जगभर सारख्याच असतात, हे तर साफ चूक आहे. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत इंग्रजी बोलतात, पण अमेरिकी सांकेतिक भाषेत मुळाक्षरे एका हाताने दाखवतात, ब्रिटिश भाषेत दोन्ही हातांनी, आणि एका देशातील बधिरांना दुसऱ्या देशातील खुणा सहज कळत नाहीत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे : प्रश्नार्थक खूण आणि नकाराची खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे 'तुझी शाळा कुठे आहे?' हा प्रश्न 'तू – शाळा – कुठे' अशा क्रमाने विचारला जातो. चेहऱ्यावरचे बदलही या व्याकरणाचाच भाग आहेत. केवळ हावभाव असते, तर त्यांना असा क्रम लागला नसता.

राहिला 'दिव्यांग'. २७ डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी हा शब्द सुचवला आणि पुढे तो सरकारी व्यवहारात रुळला. त्यावर अनेक दिव्यांग संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी एक अडचण उरतेच. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि 'दिव्यांग' या शब्दाखाली ती सगळी येतात. 'येथे दिव्यांगांसाठी सोय आहे' अशी पाटी रुग्णालयात दिसली, तर तिथे चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे, ब्रेलमधील फलक आहे, की सांकेतिक भाषेचा दुभाषी आहे, हे बधिर रुग्णाला समजायला काहीच मार्ग नसतो. दुभाषी असेल तर पाटीवर 'सांकेतिक भाषेचा दुभाषी उपलब्ध' असे लिहावे, आणि तो कोणत्या वेळेत भेटेल तेही लिहावे.